आधी बोहारणीचं गाठोडं दाखवा

शैला गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. कात्रजला भाचीकडे गेले होते, चहा पुढ्यात होता आणि मोबाइल वाजला. तयार मिळणारी जांभळी चौकट, दोन कोपऱ्यांत समया, मध्ये पांढरं कमळ आणि त्या कमळाच्या पोटात कोंबलेला माझ्या मैत्रिणीचा चेहरा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागलेली. मला रडू आलं नाही. आधी संताप आला. जिनं जन्मभर पुण्यातली लग्नघरं सजवली, उसन्या सजावटीचा जिला मनापासून तिटकारा होता, तिच्या मरणाला ही असली चौकट... मी तशीच उठले, रिक्षा केली आणि कोथरूडला परत आले. आमची दारं समोरासमोर. तिचं दार सताड उघडं होतं, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. बाथरूममध्ये पडली ती पुन्हा उठलीच नाही, असं कुणीतरी सांगत होतं. मी कुणाचं ऐकलं नाही. सरळ आत गेले, तिच्या उशाशी बसले आणि तिचं तोंड नीट पाहून घेतलं. का, ते पुढे सांगते.

मग शोकसभा झाली. तिच्या मुलीच्या, केतकीच्या लग्नाची सजावट ज्या कंपनीनं केली होती, त्याच कंपनीनं ही सभाही 'अरेंज' केली. हॉलभर खोटी पांढरी ऑर्किड. फोटोमागे थर्माकोलच्या कापलेल्या अक्षरांत 'शैलाताई'. थर्माकोल! ती बाई गणपतीतसुद्धा थर्माकोल घरात येऊ देत नसे. कंपनीच्या एका गुळगुळीत तरुणानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "शैला मॅम आमच्या सगळ्यांसाठी इन्स्पिरेशन होत्या." मी पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक चावत होते. या एका शब्दाशी शैलाचं आयुष्यभर वाकडं होतं, हे त्या सभेत मला एकटीला माहीत होतं. म्हणून हे लिहायला बसले. राग निवळला की लिहीन म्हणाले होते, पण तो निवळायचं नाव घेईना.

आम्ही दोघी एकदमच या इमारतीत राहायला आलो. नव्वदीतली सुरुवातीची वर्षं होती ती. समोर मोकळं रान होतं, आणि पेठेतल्या दोन खोल्यांतून सुटून स्वतःचा ब्लॉक मिळालेली आमच्यासारखी माणसं भिंतींना कुठला रंग द्यावा या विचारानं वेडीपिशी झाली होती. मी आणि आमचे हे, दोघंही बँकेत. मी कुठूनसं एक गुळगुळीत कागदाचं मासिक मिळवलं. त्यात एका दिवाणखान्याचा फोटो होता. वेताचा झोपाळा, काचेचं टेबल, भिंतीला पीच रंग. शैलाच्या रांगोळीचं बिल्डिंगमध्ये नाव झालं होतं, म्हणून तो फोटो घेऊन मी तिच्याकडे गेले. तिनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे घर कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? मासिकातलं आहे."

"मग त्यांचं घर त्यांना लखलाभ. तुझं कुठाय?"

मी चिडले. पण ती उठली, माझ्यामागोमाग आमच्याकडे आली, दिवाणखान्यात मधोमध फरशीवर मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "बोहारणीला द्यायला काय बांधून ठेवलंयस? ते आण आधी." जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण तेव्हा दर महिन्याला यायची, आणि प्रत्येकीच्या घरात तिच्यासाठी एक गाठोडं तयार असायचं. माझ्या गाठोड्यात सासूबाईंच्या खणाच्या चोळ्या होत्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. शैलानं त्या चोळ्या उसवल्या, खण जुळवून एक मोठा पट शिवला आणि आमच्या मुख्य भिंतीवर लावला. काखेतले घामाचे डागसुद्धा काढू दिले नाहीत. हे बँकेतून आले, बूट न काढता भिंतीसमोर उभे राहिले. "आईच्या चोळ्या भिंतीला?" शैला म्हणाली, "मग कुठं, स्टीलच्या डब्यात?" त्या दिवसापासून त्यांची खुर्ची टीव्हीकडून त्या भिंतीकडे वळली. आज खणाच्या असल्याच भिंती मॉलमध्ये तयार मिळतात आणि लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. त्यांना कुणाच्या घामाचा डाग नसतो, हे वेगळं सांगायला नको.

पुढे कंपन्यांना माणसं जड झाली. शैलाचे यजमान मधुकरराव पिंपरीला एका कारखान्यात होते. एक दिवस हार, नारळ आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. स्वेच्छा कसली, सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर शैलानं लग्नघरं सजवायला घेतली. शहरात तेव्हा आयटीचा पैसा यायला लागला होता, आणि पैशाबरोबर फोटो. कुणी मासिकं घेऊन यायचं, मग इंटरनेटवरचे छापील कागद, पुढे मोबाइलच पुढे करायचे. "शैलाताई, हे आमचं इन्स्पिरेशन, थीम ठरलीय." त्या शब्दासरशी तिच्या कपाळाला आठी पडायची, पण ती शांतपणे विचारायची, "घरात गाठोडं आहे का?" ती त्यांच्या घरी जाऊन फरशीवर बसायची, माळा उघडायला लावायची, लोक जे टाकून द्यायला निघालेत त्यातून मांडव उभा करायची. आणि प्रत्येक नवरीसाठी अंतरपाट स्वतः शिवायची. मंगलाष्टकं चालू असताना वधूवरांच्या मध्ये धरायचं ते कापड. बाजारात स्वस्तिक छापलेलं मिळतं, पण शैलाला ते चालायचं नाही. नवरीच्या आजीचं लुगडं, आजोबांचं उपरणं, असलंच काही त्यात असायचं. "समोर नवरा दिसायच्या आधी शेवटचं आपलं माणूस दिसू दे की," असं ती म्हणायची.

बाणेरकडच्या एका घरची गोष्ट आठवते. शेतं जाऊन तिथं टॉवर आले होते. घरमालक गळ्यात सोन्याचा गोफ घालून बसले होते. म्हणाले, "ताई, टीव्हीत दावत्यात ना, तसं पायजे बगा. पार पाव्हण्यांचं डोळं दिपलं पायजेत." शैला त्यांच्या गोठ्यात गेली. गोठ्यात दोन मोटारी होत्या आणि खुंटीला बैलांच्या झुली. तिनं त्या झुली आणि घुंगरांच्या माळा लॉन्सच्या कमानीला लावल्या. लग्नाच्या सकाळी मालक भडकले. "आमी काय भिकारी हाय का? पोरीच्या लग्नात बैलाच्या झुली लावताय?" शैलानं विचारलं, "बैल कुठायत?" "ईकलं." "मग निदान झुली तरी लग्नाला येऊ देत." तेवढ्यात त्यांचे म्हातारे वडील काठी टेकत आले, कमानीशी थांबले, झुलीवरून हात फिरवला आणि तिथंच खुर्ची मागून बसले. पंगतीलासुद्धा उठले नाहीत. त्या झुली मग कुणी काढल्या नाहीत.

तिचा एक नेम होता. फोनवर काम घ्यायची नाही. घरच्या माणसानं येऊन, कुंकू लावून, हातावर अक्षत ठेवून लग्नाला बोलवायचं, मग ती कामाला लागायची. "मी मजूर म्हणून जात नाही, लग्नघरचं माणूस म्हणून जाते," असं तिचं म्हणणं. त्या अक्षता ती लग्न पार पडेपर्यंत देवापाशी ठेवायची. हौसेचा नेम होता तो, पण मधुकरराव गेल्यावर त्याला धार आली. निवृत्तीनंतर ते फार टिकले नाहीत, छातीत दुखायचं निमित्त झालं. महिना उलटला असेल, औंधच्या एक बाई आल्या. त्यांची अक्षत आधीच देवापाशी होती. मुलगा अमेरिकेत, होणारी सून संगणकातली, घरात सगळं आधुनिक. मी तिथंच बसले होते. बाई म्हणाल्या, "शैलाताई, आम्ही काही मानत नाही हो, पण सासूबाई जुन्या वळणाच्या. रुखवतावर तुमचा हात... समजून घ्या." शैला उठली. देवापाशी कागदात ठेवलेल्या अक्षता आणून तिनं बाईंच्या हातात दिल्या. "मोजून घ्या, सगळ्या आहेत." बाई जिना उतरल्या. मला वाटलं आता ही रडेल. तिनं कणीक भिजवायला घेतली. इतकी मळली, इतकी मळली, की त्या पोळ्या चिवट झाल्या होत्या. नंतर म्हणाली, "यापुढे कुणी तोंडानं बोलावल्याशिवाय मी कुणाच्या कार्यात पाऊल पुढे टाकायची नाही. कुणाच्याच." त्या 'कुणाच्याच'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्या बाईंना मी आजही माफ केलेलं नाही; त्यांच्या जुन्या वळणाच्या सासूबाईंना एक वेळ करीन, पण सासूच्या आडून बोलणाऱ्या या नव्या वळणाच्या सुनेला मुळीच नाही.

शैलाकडे लोक येतच राहिले, त्या बाईंसारखे सगळे नव्हते. त्याच काळात ती केतकीसाठी अंतरपाट शिवत होती. केतकी तेव्हा नुकती हिंजवडीला लागली होती, लग्नाचा विषयही नव्हता. स्वतःच्या वडिलांचं पांढरं धोतर, त्याला स्वतःच्या आईच्या इरकली लुगड्याचे काठ, आणि मध्ये मधुकररावांच्या कंपनीच्या निळ्या शर्टातून कापलेल्या पट्ट्यांचं स्वस्तिक. "बाप उभा राहील लग्नात," एवढंच मला म्हणाली. विधवा आईला कन्यादानाला बसता येत नाही, काका-काकू बसणार, हे तिनं न बोलता धरून ठेवलं होतं. तिची जागा ते कापड होतं. तेवढी एकच जागा.

केतकीचं लग्न ठरलं. पोरगी वाईट नाही. आईवर जीव होता तिचा, आजही आहे. ती लॅपटॉप घेऊन आईशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तू जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नांत राबलीस. माझ्या लग्नात तू कशालाही हात लावायचा नाहीस. छान साडी नेसायची आणि बसायचं. मी प्रोफेशनल लोक बघितलेत." मग तिनं फोटो दाखवले. राजस्थानातला कुठला तरी महाल, फिकट गुलाबी पडदे, काचेचे दिवे. "ही आमची थीम." माझी खात्री होती की शैला आता विचारणार, हे घर कुणाचं आहे म्हणून. ती म्हणाली, "छान आहे."

मी तिला गॅलरीत गाठलं. म्हटलं, "तोंड शिवलंय का? सांग तिला."

"ती बोलवेल की. अक्षत द्यायला घरोघर निघेल तेव्हा आधी मलाच देईल. आईला नाही दिली तर कुणाला देईल?"

"अगं, पोरीला काय माहीत तुझं हे खूळ?"

"माझ्या घरात वाढलीय ती. शेकडो लोकांना अक्षत देताना पाहिलंय तिनं. आणि मी आपणहून पुढे झाले, आणि तिच्या सासरचं कुणी त्या औंधच्या बाईसारखं निघालं तर? पोरीच्या मांडवात?"

ती वाट पाहत राहिली. पहिली अक्षत गणपतीला गेली, मग मामाला, आत्याला, आमच्याकडेही केतकी आली, मला वाकून नमस्कार केला. स्वतःच्या आईला कोण कशाला अक्षत देईल? पोरीच्या मनालाही ते शिवलं नाही. आणि आई समोरच्या दारात उभी राहून ते ताट जिन्यानं खाली जाताना पाहत होती. त्या दोघींना धरून एकमेकींच्या पुढ्यात बसवायला हवं होतं. हे पुण्याचं पाणी... इथं माणूस बसमधल्या अनोळख्याला तोंडावर वाट्टेल ते ऐकवेल, पण घरच्या माणसाकडे हवी ती गोष्ट मागायची म्हटली की जीभ टाळूला चिकटते.

लग्न झालं. खोट्या फुलांचा महाल, धूर सोडणारी यंत्रं, कानाला वायर लावलेली पोरं. शैला जांभळी पैठणी नेसून माझ्या शेजारी बसली होती आणि मांडीवर एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं. अंतरपाट धरायची वेळ आली तशी ती उठून चार पावलं पुढे गेली. तोच वायरवाला पोरगा आडवा आला. "आंटी प्लीज, फ्रेममध्ये येताय." आणि गुरुजींच्या हातात त्यांनी त्यांचा अंतरपाट दिला. चमकणारं सॅटिन, त्यावर वधूवरांची नावं आणि मध्ये लाल बदाम. शैला परत येऊन बसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी जाते आणि केतकीला सांगते. थांबवते सगळं." मी उठलेसुद्धा. शैलानं माझं मनगट धरलं. तिच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "केतकीला एक शब्द बोललीस, आज किंवा कधीही, तर माझं मेलेलं तोंड बघशील." मंगलाष्टकं चालू होती, लोक अक्षता टाकत होते, आणि ही बाई माझ्या कानात हे बोलत होती. मी खाली बसले. काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघराच्या दारात पडदा. तोच अंतरपाट, वरून दांडी ओवून लटकवलेला. मी ओरडलेच. ती पोहे परतत होती. आतूनच म्हणाली, "कापड आहे ते. कपाटात ठेवून कसर लागण्यापेक्षा माश्या तरी अडवेल." आणि त्या पडद्यानं पुढे कितीतरी वर्षं माश्या अडवल्या. फोडणीचा वास धरला, हळदीची बोटं अंगावर घेतली. केतकी दर रविवारी यायची, आईसाठी डोंगराएवढं सामान आणायची, आणि चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येताना तो पडदा खांद्यानं ढकलायची. मी बाहेर बसलेली असायचे. एकदा तर ती म्हणाली, "आई, हा पडदा किती विटलाय गं. मी ऑनलाइन नवा मागवते." शैला म्हणाली, "असू दे. टिकाऊ आहे." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तिला तेव्हाच गदगदा हलवावंसं वाटलं. आजही माझा राग आहे तो त्या कंपनीच्या गुळगुळीत पोरावर थोडा आणि शैलावर जास्त. दुसऱ्यांच्या माळ्यावरून त्यांची माणसं खाली काढणारी ही बाई स्वतःची एक इच्छा ओठांवर आणू शकली नाही.

तेरावा झाला. मागच्या आठवड्यात केतकीनं बोलावलं म्हणून मी समोर गेले. घर आवरणं चाललं होतं, पुढे भाड्यानं देणार होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आईची आठवण म्हणून तुला काय हवं ते घे." मी दिवाणखान्यात मधोमध फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले, तरी बसले. आणि माझ्या तोंडून शैलाचंच वाक्य निघालं, "आधी बोहारणीचं गाठोडं दाखव."

बोहारीण आता येत नाही. जुने कपडे न्यायला कुठल्याशा संस्थेची गाडी येणार होती. केतकीनं एका चादरीत बांधलेलं गाठोडं पुढे केलं. मी गाठ सोडली. पडदा सगळ्यात वर होता.

मी शैलाचं मेलेलं तोंड पाहिलं होतं. चांगलं, नीट, डोळे भरून पाहून घेतलं होतं. आता मला कुणाची शपथ नव्हती. मी तो पडदा फरशीवर पसरला आणि सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, त्या पोरीचे सुजलेले डोळे दिसत असूनही सांगितलं. औंधच्या बाई, देवापाशीच्या अक्षता, मांडीवरची पिशवी, 'आंटी प्लीज', सगळं. केतकी गुडघ्यांवर बसली आणि त्या निळ्या पट्ट्यांवर तिनं बोट ठेवलं. "बाबांचा शर्ट," एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण मावशी, आईला कुणी बोलावतं का गं? ती तर... असतेच ना?"

तिच्यावर ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

केतकी उठली. स्टूल ओढून तिनं पडदा पुन्हा दांडीत ओवला, होता तसा स्वयंपाकघराच्या दारात लावला आणि आत चहा ठेवायला गेली. मी बाहेर बसून राहिले. आधणाचा आवाज, गाळणीचा आवाज, मग पावलं. ती पडद्याच्या पलीकडे येऊन थांबली. खाली तिचे पाय दिसत होते. दोन्ही हातांत कप असणार. मी वाट पाहत होते, आता नेहमीसारखा खांदा लागेल. लागला नाही.

"मावशी," ती आतून म्हणाली, "जरा पडदा धर ना."

इतकं सोपं असतं ते, शैला. एवढंच म्हणायचं असतं... मी उठले आणि पडदा धरला.